तांबट गल्लीचं पाणी

शिरपेठच्या तांबट गल्लीचा रंग लाल झाला तो सोमवार होता. गल्लीतल्या लोकांना ते कळेपर्यंत निम्म्या गावाला कळलेलं होतं.

तो आकडा वृंदा तारळेकरनंच तपासून पुढे पाठवला होता. नगरपरिषदेच्या प्रयोगशाळेत ती सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होती. दोन वर्षांपूर्वी गावातल्या एकशे बारा गटार-चेंबरांमध्ये एकेक पेटी बसवली गेली, तेव्हापासून त्या पेट्या तिच्याच ताब्यात होत्या. पेटी प्रेशर कुकरएवढी. दर तासाला ती गटारातलं चमचाभर पाणी ओढून घ्यायची. माणसाच्या शरीरात रोग शिरला की त्या जंतूंचे तुकडे शरीराबाहेर पडू लागतात, पुष्कळदा त्याला स्वतःला काही जाणवायच्या आधीच. प्रत्येक जंतूच्या जनुकांची अक्षरं वेगळ्या क्रमानं लागलेली असतात. पेटी तो क्रम वाचायची, तुकडे मोजायची आणि आकडा वृंदाच्या पडद्यावर पाठवायची.

पहिल्याच वर्षी या पेट्यांनी शाहूनगरातला विषमज्वर असा पकडला की फुटलेली जलवाहिनी चार दिवसांत सापडली आणि एकही मूल दगावलं नाही. गाव खूश झालं. मग नगरपरिषदेनं एकमतानं ठरवलं, की प्रत्येक गल्लीचा आकडा प्रत्येकाच्या फोनवर दिसायला हवा. हिरवा, पिवळा किंवा लाल. त्या बैठकीत वृंदा ठरावाच्या बाजूनं बोलली होती. "गटार सगळ्यांचं आहे, तर त्यातली माहितीही सगळ्यांची," असं तिचं वाक्य दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात चौकटीत छापून आलं होतं.

त्या सोमवारी पेटीनं तांबट गल्लीत क्षयाचे जंतू वाचले. साधा क्षय असता तर पिवळ्यावर भागलं असतं. पण या जंतूंच्या जनुकांत बदल होते, नेहमीच्या दोन मुख्य औषधांना ते दाद देणार नव्हते. आकड्यावरून वृंदानं अंदाज काढला: एक रुग्ण नक्की, दोन असू शकतील. गल्लीत घरं सत्तेचाळीस.

आरोग्यसेविका दोन दिवस दारोदार फिरल्या. सत्तेचाळीस घरांत कुणालाही खोकला नव्हता.

बाकीच्या गावानं मात्र आपापल्या परीनं उपाय सुरू केले होते. दूधवाला पिशव्या गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबाजवळ ठेवून जाऊ लागला. शाळेनं गल्लीतल्या अकरा मुलांना 'काही दिवस' घरूनच अभ्यास करायला सांगितलं. कुणीतरी फोनवर नकाशा करून फिरवला, बाजारात जायचं पण तांबट गल्ली टाळायची, असा. गल्लीतल्या शिंप्याकडे शिवायला टाकलेली कापडं लोक न शिवताच परत घेऊन गेले.

आणि त्याच गल्लीत वृंदाच्या थोरल्या बहिणीची, शकुंतला बोंद्रेची खानावळ होती.

*

वृंदा सात वर्षांची असताना आई गेली. शकूताई तेव्हा एकोणीसची. तिनं वृंदाला वाढवलं, आणि पुढे नवरा गेल्यावर खानावळ काढून त्याच डब्यांवर तिला एम.एस्सी.पर्यंत शिकवलं. आता खानावळीत नर्सिंग कॉलेजची आणि पॉलिटेक्निकची मिळून बेचाळीस मुलंमुली जेवायला येत. रविवारी दुपारी त्यांच्याच पंगतीत वृंदाही बसायची. ताईचा ठेचा खाऊन नवी मुलं डोळे पुसत पाणी मागत आणि जुनी मुलं त्यांना हसत.

लाल रंगानंतरच्या रविवारी पंगतीत नऊ जण होते.

"बाकीचे कुठं आहेत?" वृंदानं विचारलं.

"तुझ्या फोनला विचार," ताई म्हणाली. तिनं भाकरी तव्यावरून उतरवली आणि वृंदाच्या ताटात ठेवली. "कुलकर्ण्यांचा मुलगा दोन वर्षं माझ्याकडं जेवला. काल रस्त्यात भेटला तर तोंडाला रुमाल लावून पलीकडच्या बाजूनं गेला. वाईट नाही तो. त्याच्या आईनं तिकडून फोन केला असणार."

"ताई, हा रोग अन्नातून पसरत नाही. बंद खोलीत, हवेतून पसरतो. मी तसं निवेदन काढलंय."

"वाचलं मी. खाली लोकांनी काय लिहिलंय तेही वाचलं." ती खोकली आणि पदरानं तोंड पुसून म्हणाली, "तेवढा एक आकडा काढता येत नाही का गं? बाकीच्या एकशे अकरा गल्ल्या आहेत की दाखवायला."

"नाही काढता येत."

"येत नाही, का काढायचा नाही?"

वृंदा भाकरी मोडून ठेच्याला लावू लागली. ताईनं पुढची भाकरी थापायला घेतली.

*

तीन आठवड्यांनी तांबट गल्ली हिरवी झाली.

मुख्याधिकारी इनामदार साहेबांनी वृंदाला बोलावून घेतलं. ते चाळिशीतले, हुशार गृहस्थ होते, आणि या तीन आठवड्यांत त्यांना झोप नव्हती. "उद्या जाहीर करून टाकू," ते म्हणाले. "शाळेलाही कळवतो. तुम्ही फक्त सही करा."

"एक दिवस द्या, साहेब. मला आकडे नीट बघायचेत."

आकडे बघताना ती एका रांगेशी थांबली. पेटी जंतूंबरोबर आणखी एक गोष्ट मोजत असे: मिरचीच्या झाडावर पडणाऱ्या रोगाचा विषाणू. माणसाला तो काहीच करत नाही. मिरचीबरोबर पोटात जातो आणि जसाच्या तसा बाहेर पडतो. पण जिथं माणसं मिरची खातात तिथल्या गटारात तो हटकून असतो, त्यामुळे पाण्यात माणसांचा वाटा किती आणि नुसतं पाणी किती, हे त्याच्यावरून काढता येतं. तांबट गल्लीतल्या पाण्यात तो विषाणू बारा दिवसांपासून जवळजवळ शून्यावर होता.

म्हणजे आकड्यांप्रमाणे सत्तेचाळीस घरांतल्या एकाही माणसानं बारा दिवस मिरची खाल्ली नव्हती. शकूताईच्या खानावळीसकट.

ती तडक गल्लीत गेली. दुपारचे तीन वाजले होते. चेंबरच्या झाकणाजवळ पोचायच्या आधीच पोहण्याच्या तलावाशी येतो तसा उग्र वास नाकात गेला. ब्लीचिंग पावडर. खानावळीच्या मोरीत दोन बादल्या भरून ठेवलेल्या होत्या, वर झाकण घातलेलं. भिंतीवर खिळ्याला कागद अडकवला होता. त्यावर गल्लीतल्या घरांची नावं आणि पुढे तास लिहिलेले: सहा ते सात, सात ते आठ. अक्षर ताईचं होतं.

ताई मागं येऊन उभी राहिली.

"कुणी सांगितलं हे?" वृंदानं विचारलं.

"फोनवर आलं होतं. कुठल्याशा गावानं केलं म्हणे. पावडर ओतली की यंत्राला काही दिसत नाही." ताईच्या आवाजात लाज नव्हती. "अकरा मुलं घरात बसलीत विंदे. त्या शिंप्याचा धंदा बसला. सगळे बसून ठरवलं आम्ही. पाळ्या लावल्या. या गल्लीत गणपतीच्या वर्गणीवरून भांडणं होतात, पण यात एकानं पाळी चुकवली नाही."

"आणि ज्याला रोग आहे तो?"

"सगळ्यांना विचारलं. कुणीच नाही म्हणतं."

ती बोलता बोलता खोकू लागली. मोरीच्या कठड्याला टेकून, तोंडाशी पदर धरून ती बराच वेळ खोकत राहिली. वृंदाचं लक्ष तिच्या मनगटाकडे गेलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"हे कधीपासून आहे?"

"पावडरीचा वास घशाला लागतो."

"पावडर बारा दिवसांची आहे. त्याच्या आधीच्या रविवारी मी आले होते तेव्हाही तू खोकत होतीस."

"फोडणीचा असेल मग. तीस वर्षं फोडण्या देतेय."

"ताई, एकदा थुंकी तपासू. मी स्वतः करते. कुणाला कळणार नाही."

"तुझ्याकडं नाव नोंदवायचं असतं ना? नाव गेलं की गल्ली पुन्हा लाल, आणि या खेपेला सगळ्यांना कळणार की ती बोंद्रेबाई. चाळीस पोरं जेवली माझ्या हातचं. त्यांच्या आयांना काय सांगू मी?" ती बादलीचं झाकण नीट बसवत म्हणाली, "तू जा आता. पाचची पाळी माझी आहे."

*

वृंदानं सही केली नाही. चार दिवसांनी नगरपरिषदेच्या सभागृहात खास बैठक झाली. नागरिकांसाठी ठेवलेल्या खुर्च्या भरून लोक भिंतीला टेकून उभे होते.

तिनं साध्या शब्दांत सांगितलं, की एका गल्लीचा हिरवा रंग खोटा आहे, लोक गटारात पावडर ओततात. आणखी तीन गल्ल्यांत तेच सुरू झालंय. "त्यांनी पेटीचे डोळे बांधले, हे खरं आहे. पण ती वेळ मी आणली. आकडा सगळ्यांना दाखवा असं याच सभागृहात मी सांगितलं होतं. माझी चूक झाली. आकडा दार वाजवायला जाणाऱ्या आरोग्यसेविकेकडे जावा, बाकीच्यांना त्याचा उपयोग फक्त पळून जायला होतो."

मागच्या रांगेतून एक माणूस उभा राहिला. इक्बाल मुजावर, बसस्थानकाजवळ त्याचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं. तो आवाज न चढवता बोलला.

"मॅडम, माझी मुलगी पाच वर्षांची आहे. तिला रक्ताचा कॅन्सर आहे, औषधं चालू आहेत. डॉक्टर म्हणतात साधी सर्दी झाली तरी तिला जड जाईल. दोन वर्षं रोज सकाळी मी तुमचे रंग बघून तिला बाहेर नेतो. तुम्ही ते बंद केले तर मी काय बघू?"

वृंदा त्याच्याकडे वळून म्हणाली, "तुमचं बरोबर आहे, भाई. पण आज तुम्ही जो हिरवा रंग बघून बाहेर पडाल, तो कदाचित पावडरीचा असेल."

"मग पावडर ओतणाऱ्यांना धरा," कुणीतरी ओरडलं, आणि त्यानंतर बैठक तिच्या हातात राहिली नाही. मतदान झालं. रंग दाखवणं चालू राहील. पावडर ओतणाऱ्यावर कारवाई होईल. आणि यापुढे चेंबरऐवजी प्रत्येक घराच्या सांडपाण्याच्या नळीला छोटी पेटी बसवायचा प्रस्ताव वृंदानं पंधरा दिवसांत तयार करून द्यावा.

तिनं गल्लीचं नाव घेतलं नव्हतं, पण ते सगळ्यांना माहीत होतं. त्या रविवारी ती खानावळीत गेली तेव्हा दाराला आतून कडी होती. आतून भांड्यांचा आवाज येत होता. तिनं दोनदा हाक मारली आणि परत फिरली.

*

त्यानंतर आठवड्याभरात तन्वी खिलारे नावाची नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी वसतिगृहात रक्त ओकली. ती दोन वर्षं शकूताईकडे जेवत होती, आणि गल्ली लाल झाल्यावरही येत राहिलेल्या नऊ जणांपैकी एक होती. स्वयंपाकघराला लागून असलेल्या लहान खोलीत, खिडकी लावून, ती ताईबरोबर भाज्या निवडत बसायची. तिचा अहवाल वृंदाच्याच टेबलावर आला. जंतू तेच होते, जनुकांतले बदलही तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळा उघडायला वृंदा आली तेव्हा ताई पायरीवर बसलेली होती. तोंडाला पदर घट्ट बांधलेला. तिच्यात आणि रस्त्यात तिनं चांगलं दहा हातांचं अंतर ठेवलं होतं.

"कुठल्या डबीत थुंकायचं ते दे," ती म्हणाली.

वृंदानं डबी दिली. कसं करायचं ते सांगितलं. ताईनं मोकळ्या अंगणात जाऊन केलं, झाकण लावून आणून दिलं.

"ती पोर वाचेल का?"

"वाचेल. औषध आहे यावर, ताई. सहा महिने गोळ्या. नेहमीची दोन चालत नाहीत, पण दुसरी चालतात. लवकर कळलं असतं तर..." वृंदा थांबली.

"बोल. मला ऐकायचंय."

"लवकर कळलं असतं तर तिला झालाच नसता कदाचित."

ताईनं मान हलवली. तिनं रडायला हवं होतं असं वृंदाला वाटलं, पण ती रडली नाही. ती म्हणाली, "मला पोरांची भीती होती, विंदे, की ती जातील. ही गेली नाही, म्हणून हिला झाला."

दोन तासांत निकाल आला आणि ताईला तो अपेक्षितच होता. संध्याकाळी खानावळीच्या बंद दारावर एक पुठ्ठा लागला. पाळ्यांच्या कागदावर होतं त्याच अक्षरात लिहिलं होतं:

'मला क्षय झाला आहे. उपचार सुरू केले आहेत. डॉक्टर सांगेपर्यंत खानावळ बंद आहे आणि मी घराबाहेर पडणार नाही. गेल्या वर्षभरात जे माझ्याकडे जेवले त्यांनी तपासून घ्यावे. मी आधी सांगायला हवे होते. शकुंतला बोंद्रे.'

पुठ्ठ्याचे फोटो तासाभरात गावभर फिरले. लोकांनी वाट्टेल ते लिहिलं. हिला तुरुंगात टाका, असंही लिहिलं. रात्रीतून कुणीतरी तो फाडला. सकाळी गल्लीतल्या शिंप्यानं दुसरा पुठ्ठा आणून, तोच मजकूर उतरवून पुन्हा लावला. मग तो आपल्या म्हाताऱ्या वडिलांना हाताशी धरून उपजिल्हा रुग्णालयात गेला. वडिलांना तीन महिने खोकला होता. आरोग्यसेविका आल्या की घरचे त्यांना आतल्या खोलीत बसवायचे.

इक्बाल मुजावर तिसऱ्या दिवशी गल्लीत आला. खिडकीपासून लांब उभा राहून त्यानं ताईला हाक मारली. "ताई, बोर्ड वाचला. घराबाहेर कधी पडायचं झालंच, दवाखान्यात वगैरे, तर मला आधी एक फोन कराल का? मी मुलीला त्या दिवशी घरात ठेवीन." त्यानं नंबर मोठ्यानं सांगितला. ताईनं तो आतल्या भिंतीवर खडूनं लिहून घेतला.

*

वर्षभरात जेवून गेलेल्या मुलांची कुठंही नोंद नव्हती. वृंदा खिडकीबाहेर स्टुलावर वही घेऊन बसली आणि ताई आतून नावं सांगू लागली. कोण कुठल्या गावचा, कोण उपास धरायचा, कोण वांगं बाजूला काढून ठेवायचा. पास होऊन गेलेल्यांचे फोन नंबर नव्हते, पण त्यांच्या मित्रांची नावं ताईला पाठ होती. अठ्ठावन्न नावं झाली.

"झाली?" वृंदानं विचारलं.

"एक राहिलं. दर रविवारी यायची ती."

वृंदानं मान वर केली. ताई खिडकीच्या गजांमागून तिच्याकडे बघत होती, रागानं नाही.

इतक्या दिवसांत तिला स्वतःचं नाव सुचलं नव्हतं. तिनं पेन टेकवलं आणि तिच्या लक्षात आलं की आपण लिहीत नाही आहोत. सांगलीतल्या एका खाजगी लॅबचा नंबर तिच्या डोक्यात आला होता. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. नवऱ्याला काय सांगायचं, कार्यालयात कोण काय म्हणेल, हे सगळं एका श्वासात येऊन गेलं. मग तिनं एकोणसाठावं नाव लिहिलं. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, आणि सकाळी उपजिल्हा रुग्णालयाच्या आवारात मुलामुलींच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली.

रांगेत त्या दिवशी चव्वेचाळीस जण होते.

तपासणीत आणखी एक मुलगा आजारी निघाला, अगदी सुरुवातीचा. सहा जणांच्या शरीरात जंतू शिरले होते, पण रोग झालेला नव्हता. जंतू झोपलेले होते. त्या सहांत वृंदा होती. तिच्यापासून कुणाला धोका नव्हता. पुढं रोग होऊ नये म्हणून तिला सहा महिने रोज एक गोळी घ्यायची होती.

पंधरावा दिवस उजाडला. घरोघरच्या पेट्यांचा प्रस्ताव तयार करून ती इनामदार साहेबांच्या खोलीत गेली. फाइल टेबलावर ठेवायच्या आधी तिनं स्वतःचा निकाल सांगितला.

साहेबांनी ऐकलं. त्यांची खुर्ची चाकांची होती, ती वीतभर मागं सरकली. ती सरकली हे दोघांनीही पाहिलं.

"माझ्यापासून लागण होत नाही," वृंदा म्हणाली. "माझ्या निवेदनात तसं लिहिलेलं आहे."

"मी वाचलंय," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी टेबलाची कड धरून खुर्ची पुन्हा पुढं ओढली. "बसा."

ती बसली. त्यांनी फाइल उघडली, दोन पानं उलटली. "सगळं व्यवस्थित मांडलंय तुम्ही. खर्च, नळ्या, मुदत. तुमचं मत मात्र कुठं लिहिलेलं नाही."

"मला मत मागितलं नव्हतं."

"आता मागतोय. तुमच्या घराच्या नळीला अशी पेटी असती, तर तुम्ही काय केलं असतं?"

वृंदानं विचार केला. "नक्की सांगता येत नाही, साहेब. पण माझं नाव यादीत लिहायची वेळ आली, तेव्हा मी पहिल्यांदा सांगलीच्या लॅबचा नंबर आठवला. आणि या रोगाबद्दल गावात माझ्याइतकं कुणाला माहीत नाही."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, फाइल सही न करता बाजूला ठेवली आणि शिपायाला दोन चहा आणायला सांगितलं.